महापालिकेच्या प्रभाग सीमांचा मुक्त डेटा: शोधणे, मागवणे, आखणे, तपासणे

पुणे महापालिकेच्या 2017 च्या निवडणुकीत 41 प्रभाग होते. 2025 च्या रचनेतही 41 च आहेत. आकडा तोच म्हणून जुनी फाइल उघडून तिच्यावर नवी आकडेवारी चढवली, तर नकाशा दिसायला ठीकठाक दिसेल, पण भरवशाचा अजिबात नसेल. मधल्या काळात हद्दीत 34 गावं आली (11 गावं ऑक्टोबर 2017 मध्ये, 23 गावं 2021 मध्ये), त्यांतली उरुळी देवाची आणि फुरसुंगी पुन्हा बाहेर गेली, नगरसेवकांची संख्या 162 वरून 165 झाली. 2022 मध्ये तर 58 प्रभाग आणि 173 जागांची वेगळीच रचना तयार झाली होती. तिच्यावर निवडणूक झालीच नाही.

मुंबईतही हाच प्रकार. 2017 ला 227 प्रभाग. मग 236 करायचं ठरलं, त्याप्रमाणे सीमा आखल्या गेल्या, आणि ऑगस्ट 2022 मध्ये संख्या पुन्हा 227 वर आली. जानेवारी 2026 ची निवडणूक 227 वर झाली खरी, पण 2025 साली नव्याने प्रसिद्ध केलेल्या रचनेप्रमाणे.

प्रभागाची सीमा अधिसूचनेमुळे अस्तित्वात येते, फाइलमुळे नाही. जिच्यामागे कोणती अधिसूचना आणि कोणती तारीख आहे हे सांगता येत नाही, ती फाइल कितीही देखणी असली तरी तिच्यावर काम उभं करू नये. पुढची प्रत्येक पायरी याच धाग्याने जाते. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत, कारण इथल्या 29 महापालिकांचे कायदे आणि कागदपत्रं एकाच धाटणीची आहेत. मुंबईला 1888 चा स्वतंत्र कायदा लागू आहे, बाकीच्यांना 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम.

आधी ठरवा: कोणती सीमा, कोणत्या वर्षाची

लोक ‘वॉर्डचा नकाशा हवा’ म्हणतात तेव्हा त्यांना तीनपैकी एक गोष्ट हवी असते, आणि कोणती ते बहुधा त्यांनाही सांगता येत नाही.

पहिली, निवडणूक प्रभाग. इथून नगरसेवक निवडून जातात. मुंबईत एका प्रभागातून एक, तर पुण्यासारख्या शहरांत एका प्रभागातून बहुधा चार. दुसरी, प्रशासकीय विभाग. मुंबईत वर्षानुवर्षं असे 24 विभाग होते: ए, बी, सी पासून आर/उत्तर, एस, टी पर्यंत. अलीकडे त्यांतल्या मोठ्या विभागांच्या विभाजनाला सुरुवात झाली आहे, म्हणजे इथेही तारीख विचारावी लागतेच. पुण्यात त्यांच्या जागी 15 क्षेत्रीय कार्यालयं आहेत. कचरा, पाणी, इमारत परवाने, साथीच्या रोगांची आकडेवारी या सगळ्याचा हिशेब याच पातळीवर राहतो. तिसरी, जनगणनेचे वॉर्ड. 2011 ची लोकसंख्या ज्या वॉर्डांनुसार छापली गेली ते वॉर्ड आजच्या कुठल्याच निवडणूक प्रभागांशी जुळत नाहीत.

तुमच्याकडची आकडेवारी कोणत्या कार्यालयातून आली ते पाहा, त्यावरून सीमा ठरते. डेंग्यूच्या रुग्णांचा तक्ता ‘के/पूर्व’, ‘पी/उत्तर’ असा येत असेल तर 227 प्रभागांची फाइल शोधण्यात वेळ घालवू नका. नगरसेवकांनी सभागृहात विचारलेल्या प्रश्नांचा तक्ता असेल तर उलट. पिनकोडचा मात्र यातल्या कशाशीच संबंध नाही. तो टपाल खात्याच्या वाटपाच्या सोयीसाठी आहे आणि एका पिनकोडात अनेक प्रभागांचे तुकडे येतात. पत्त्यातल्या पिनकोडावरून प्रभाग काढणारे तक्ते पाहिले की हात जोडावेसे वाटतात.

मग वर्ष. ‘2017 ची निवडणूक’ एवढं लिहून भागत नाही. प्रत्येक रचना दोनदा प्रसिद्ध होते: आधी प्रारूप, मग हरकती व सूचना मागवून, सुनावणी घेऊन, अंतिम. प्रारूपाच्या वेळी माध्यमांत चर्चा जास्त होते, त्यामुळे नेटवर प्रारूपाचेच नकाशे जास्त फिरतात. अंतिम रचनेत बदल मोजक्याच प्रभागांत झालेले असू शकतात, म्हणून चूक लवकर लक्षातही येत नाही. वहीत पहिल्याच ओळीला लिहून ठेवा: शहर, सीमेचा प्रकार, प्रारूप की अंतिम, अधिसूचनेची तारीख.

तयार फाइल कुठे मिळते

शोध सुरू करायचा तो महापालिकेच्या आणि राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून. तिथे पीडीएफ मिळतील, क्वचित केएमएल (नकाशावरचे आकार साठवणारी फाइल). राज्यघटनेच्या 243 झेडए अनुच्छेदानुसार पालिका निवडणुका हे आयोगाचं काम आहे, त्यामुळे अंतिम रचनेचे कागद तिथेही असतात. ही पीडीएफ आत्ता लागली नाहीत तरी उतरवून ठेवाच. पालिकेचं संकेतस्थळ नव्या रूपात आलं की जुने दुवे सर्वात आधी मरतात.

दुसरं ठिकाण नागरी डेटावर काम करणारे गट. डेटामीट या स्वयंसेवी समूहाने गिटहब या फाइली ठेवण्याच्या संकेतस्थळावर भारतातल्या अनेक शहरांच्या प्रभाग सीमा एकत्र ठेवल्या आहेत. ओपनसिटी या नागरी डेटा पोर्टलवरही वॉर्ड नकाशांच्या केएमएल मिळतात. केंद्र सरकारचं मुक्त डेटा पोर्टल 2012 पासून आहे, त्यावरही एकदा नजर टाका. पण तिथे तक्ते भरपूर आणि सीमा कमी.

तिसरं ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला जगाचा मुक्त नकाशा. भारतातल्या नोंदींत वॉर्ड बहुधा ‘अ‍ॅडमिन लेव्हल 10’ वर टाकलेले असतात. शहराशहरात दर्जा फार वेगळा आढळतो. कुठे एका उत्साही माणसाने पूर्ण शहर आखलेलं असतं, कुठे चारच वॉर्ड आणि तेही दहा वर्षांपूर्वीचे. तिथल्या नोंदीचा इतिहास उघडून कोणी, कधी, कशावरून आखलं ते वाचता येतं. ही सोय बाकी ठिकाणी सहसा नसते.

फाइल हाती आली की वापरण्याआधी तिला दोन-तीन प्रश्न विचारा. संख्या जुळते का? मुंबईची फाइल 236 दाखवत असेल तर ती कुठली हे आता तुम्हाला ठाऊक आहे. क्रमांक योग्य दिशेने जातात का? आयोगाच्या पद्धतीप्रमाणे क्रमांकांची सुरुवात उत्तरेकडून होते आणि शेवट दक्षिणेला. म्हणून मुंबईचा प्रभाग 1 दहिसरला आणि 227 कुलाब्याला. सोबतच्या टिपणात अधिसूचनेचा उल्लेख आहे का? नसेल, तर अधिसूचनेतले वेगवेगळ्या टोकांचे पाच-सहा प्रभाग निवडा आणि त्यांच्या चारही बाजूंचं लेखी वर्णन फाइलमधल्या आकाराशी ताडून पाहा. शहराच्या कडेचे आणि नुकतीच बांधकामं वाढलेल्या भागातले प्रभाग घ्या. गावठाणाच्या, पेठांच्या सीमा फारशा हलत नाहीत, तिथे जुनी फाइलही नवीसारखीच दिसते.

नसेल तर मागा

प्रभागांच्या नकाशांचं पीडीएफ नीट पाहिलं तर बहुधा मागे उपग्रहचित्र दिसतं आणि त्यावर रंगीत रेषा. म्हणजे कुणीतरी संगणकावर त्या रेषा काढल्या आहेत आणि मूळ फाइल कुठल्यातरी संगणकात आहेच. ती मागायची.

आधी साधं पत्र किंवा ईमेल पाठवा, निवडणूक विभागाला आणि माहिती तंत्रज्ञान विभागाला. कधीकधी तेवढ्यावर काम होतं. नाही झालं तर माहिती अधिकार. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तपशील 150 शब्दांत, म्हणून मोजकं लिहा. जोडपत्र ‘अ’ मध्ये असा मजकूर चालतो:

‘विषय: महापालिकेच्या अंतिम प्रभाग रचनेच्या सीमांची डिजिटल फाइल. तपशील: (1) अंतिम प्रभाग रचनेतील सर्व प्रभागांच्या सीमा, कार्यालयाकडे केएमएल, केएमझेड, शेपफाइल किंवा अन्य ज्या डिजिटल स्वरूपात उपलब्ध आहेत त्याच स्वरूपात. (2) सदर रचना प्रसिद्ध करणाऱ्या अधिसूचनेची परिशिष्टांसह प्रत. (3) प्रत्येक प्रभागात समाविष्ट प्रगणक गटांची यादी. माहिती ईमेलने किंवा सीडीवर द्यावी.’

‘त्याच स्वरूपात’ हे शब्द महत्त्वाचे. माहिती अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 2(जे) मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती मिळवण्याचा हक्क आहे, आणि कलम 7(9) सांगतं की माहिती सर्वसाधारणपणे मागितलेल्या स्वरूपातच द्यावी. पण तुम्ही ‘शेपफाइल बनवून द्या’ म्हटलंत तर ‘अशी माहिती तयार करून देता येत नाही’ हे उत्तर ठरलेलं. आहे तीच फाइल मागा. उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर आलं नाही किंवा नुसते कागदी नकाशे आले तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. प्रगणक गटांची, म्हणजे जनगणनेत एकेका प्रगणकाला वाटून दिलेल्या छोट्या भागांची, यादी मागायला विसरू नका. सीमा मिळाली नाही आणि ही यादी मिळाली, तरी अर्धं काम झालं म्हणायचं. का ते तपासणीच्या भागात येईल.

पीडीएफवरून स्वतः आखणे

इथे वेळ जातो आणि इथेच फाइल चांगली की टाकाऊ ते ठरतं. लागणारं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस, नकाशे बनवण्याचं आहे आणि मोफत आहे.

पीडीएफ उघडा आणि शक्य तितकं मोठं करून पाहा. रेषा मोठी करूनही धारदार राहिली तर ती व्हेक्टर आहे, म्हणजे रेषेचे बिंदू पीडीएफच्या पोटात शाबूत आहेत. अशा वेळी चित्र करून पुन्हा गिरवणं म्हणजे असलेली अचूकता फेकून देणं. इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून सीमारेषेचा थर वेगळा काढा, डीएक्सएफ (रेषांची फाइल) म्हणून जतन करा आणि क्यूजीआयएसमध्ये आणा. मोठं केल्यावर रेषा चौकोनी ठिपक्यांत फुटली तर ते चित्र आहे. मग पान किमान 300 डीपीआयला प्रतिमा म्हणून काढा.

आता त्या प्रतिमेला जमिनीवर बसवायचं, म्हणजे जिओरेफरन्सिंग. नकाशावरचा बिंदू आणि खऱ्या जगातला तोच बिंदू अशा जोड्या द्यायच्या. जोड्यांसाठी रस्त्यांचे काटकोनी चौक, रेल्वेवरचे पूल, उड्डाणपुलांची टोकं घ्या. नदीचं वळण, तलावाचा काठ, झाडी नको. ते ऋतूनुसार सरकतात. बिंदू सगळ्या कोपऱ्यांत पसरलेले हवेत. मध्यभागी वीस बिंदू देऊन कडा मोकळ्या सोडल्या तर मध्य अचूक बसतो आणि कडा पन्नास मीटर वाहवत जातात. नकाशा सरळ निर्यात केलेला असेल तर पहिल्या घाताचं पॉलिनॉमियल रूपांतर पुरतं. कागद दुमडून स्कॅन केला असेल तर थिन प्लेट स्प्लाइन घ्या, पण एक ध्यानात ठेवा: ते रूपांतर दिलेल्या प्रत्येक बिंदूतून जातंच, त्यामुळे त्याची त्रुटी शून्याजवळ दिसते आणि चुकीचा बिंदूही पचवला जातो. म्हणून तीन-चार बिंदू रूपांतरात न देता बाजूला ठेवा आणि शेवटी तेच किती हलले ते मोजा.

बिंदू कशावरून घ्यायचे हाही प्रश्न आहे, आणि तो परवान्याचा आहे. गूगल मॅप्सवर गिरवून तयार केलेला डेटा मुक्त म्हणून वाटणं त्यांच्या अटींत बसत नाही. ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते वापरा. चार-दोन चौकांचे संदर्भ घेण्याने फारसं बिघडत नाही. पण सीमारेषाच तिथल्या रस्त्यांच्या रेषांवरून उचलल्या तर तुमच्या फाइललाही ओपनस्ट्रीटमॅपचा ओडीबीएल परवाना लागू होतो, म्हणजे पुढच्यानेही तो तसाच खुला ठेवला पाहिजे. मला यात गैर काही वाटत नाही. फक्त ते आधी ठरवा आणि लिहा.

आखताना प्रभागाचे बंद आकार काढू नका, रेषा काढा. प्रभाग 12 आणि 13 यांच्यामधली सीमा एकच आहे. ती एकदाच काढायची. सगळ्या रेषा झाल्या की क्यूजीआयएसचं पॉलिगनाइझ हे साधन त्यांचे बंद आकार करून देतं. प्रत्येक प्रभाग स्वतंत्र आखला की शेजाऱ्यांमध्ये केसाएवढ्या फटी आणि चिंचोळे तुकडे उरतात, आणि ते निस्तरण्यात आखणीपेक्षा जास्त वेळ जातो. स्नॅपिंग (जवळच्या टोकाला रेषा आपोआप जोडणारी सोय) चालू ठेवा, नाहीतर रेषांची टोकं जुळत नाहीत आणि पॉलिगनाइझ मुकाट्याने तो प्रभाग गाळून टाकतं.

प्रत्येक रेषेला एक रकाना द्या: ही रेषा कशावरून जाते? रस्ता, नाला, रेल्वे, नदी, भिंत, गावाची शीव, किंवा अस्पष्ट. हे अधिसूचनेतल्या वर्णनातून भरायचं. तिथली वाक्यं अशी असतात: अमुक रस्ता आणि तमुक नाला मिळतात तिथपासून पूर्वेकडे नाल्याने अमुक पुलापर्यंत, तिथून दक्षिणेकडे रस्त्याने अमुक चौकापर्यंत. म्हणजे नकाशावरची जाड रेषा नाल्याच्या शेजारच्या इमारतींवरून गेलेली दिसली तरी सीमा नाल्यातच आहे. 1:10,000 च्या नकाशावर 2 मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवर 20 मीटर होते. एवढ्यात एक अख्खी इमारत इकडची तिकडे होते. रेषा नुसती गिरवू नका. वर्णन वाचत, त्यातल्या नाल्यावर किंवा रस्त्यावर बसवत जा.

वर्णन आणि नकाशा एकमेकांशी भांडतात तेव्हा? शेजारच्या प्रभागाचं वर्णन उघडा. एकाची पूर्व सीमा ती दुसऱ्याची पश्चिम सीमा. दोन्ही वर्णनं एक बोलत असतील तर मी वर्णनामागे जातो आणि रेषेच्या रकान्यात ‘नकाशाशी विसंगत’ असं लिहितो. दोन वर्णनंच वेगळं सांगत असतील तर नकाशाप्रमाणे काढा, त्या रेषेला ‘वादग्रस्त’ म्हणा आणि निवडणूक विभागाला विचारा. रस्त्याची मध्यरेषा की कड हे लिहिलेलं नसेल तर मध्यरेषा घ्या आणि सगळीकडे तोच नियम पाळा.

समुद्र आणि खाडीकडची बाजू वेगळा त्रास देते. ‘समुद्रकिनाऱ्यापर्यंत’ असं वर्णन असतं, आणि भरतीची रेषा, खारफुटी, भराव यांतलं नेमकं काय ते कुणी सांगत नाही. मुंबईत सागरी किनारा रस्त्यासाठी भराव टाकल्यावर जुन्या फाइलीतला किनारा आता पाण्यापासून बराच दूर, जमिनीवर दिसतो. किनाऱ्याची एक रेषा निवडा, तिचा स्रोत आणि वर्ष नोंदवा, आणि या प्रभागांच्या क्षेत्रफळावर कुठलाही निष्कर्ष काढू नका.

तपासणी

प्रथम भूमितीची. क्यूजीआयएसच्या टोपॉलॉजी चेकर या साधनात ‘एकमेकांवर चढू नयेत’ आणि ‘फटी असू नयेत’ हे दोन नियम लावा. जे सापडेल ते हाताने सोडवा. आपोआप दुरुस्त करणारी साधनं फट कुठल्या प्रभागात ढकलतील ते त्यांच्या मर्जीवर असतं. सगळे प्रभाग एकत्र केले तर शहराची हद्द मिळाली पाहिजे. मधे भोक उरलं तर आधी थांबा, कारण प्रत्येक भोक चूक नसते. पुण्यात लष्करी छावणीचे, म्हणजे कॅन्टोन्मेंटचे भाग महापालिकेच्या प्रभागांत येत नाहीत, तिथे मोकळी जागा दिसणारच.

मग क्षेत्रफळ. मोजण्याआधी फाइल मीटरमधल्या प्रक्षेपात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत) आणा. मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, अकोला यांच्यासाठी यूटीएम झोन 43 उत्तर, म्हणजे सॉफ्टवेअरमधला कोड ईपीएसजी 32643. नागपूर आणि चंद्रपूर 78 रेखांशाच्या पूर्वेला आहेत, त्यांना झोन 44, ईपीएसजी 32644.

यानंतरची तपासणी मला सगळ्यांत उपयोगी वाटते: लोकसंख्येची. रचनेचा नियम असा की प्रभागाची लोकसंख्या सरासरीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त वर-खाली नसावी, आणि आधार 2011 च्या जनगणनेचा. मुंबईची तेव्हाची लोकसंख्या 1,24,42,373. भागिले 227, सरासरी सुमारे 54,812. म्हणजे साधारण 49,331 ते 60,293 च्या दरम्यान प्रभाग बसायला हवेत. अधिसूचनेच्या तक्त्यात बहुधा तसं असेल; प्रश्न तुमच्या आकारांचा आहे. माहिती अधिकारात मिळालेली प्रगणक गटांची यादी इथे कामी येते. गटांचे अंदाजे बिंदू नकाशावर टाका, प्रत्येक प्रभागात पडणाऱ्या गटांची लोकसंख्या जोडा आणि तक्त्याशी ताडा. एका प्रभागात पाच हजार जास्त आणि शेजाऱ्यात पाच हजार कमी निघाले, की त्या दोघांमधली रेषा चुकली आहे हे न बघता सांगता येतं. एकाहून जास्त सदस्यांच्या प्रभागांत सरासरी सदस्यामागे काढा आणि सदस्यसंख्येने गुणा.

उरली शेवटची तपासणी: पत्ते माहीत असलेल्या जागा. पालिकेच्या शाळा, दवाखाने, मतदान केंद्रं यांच्या याद्यांत प्रभाग क्रमांक दिलेला असतो. ते बिंदू टाकून जुळणी करा. सीमेपासून दूरचे बिंदू जुळतातच. सीमेपासून शंभर मीटरच्या आतले तेवढे निवडून बघा.

रकाने आणि मराठी अक्षरं

किमान एवढे रकाने असू द्या: शहर, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या केंद्रीय निर्देशिकेतला शहराचा कोड, प्रभाग क्रमांक, मराठी नाव, सदस्यसंख्या, 2011 ची लोकसंख्या, अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख, प्रारूप की अंतिम, लागू झाल्याची तारीख, संपल्याची तारीख, आखणीची पद्धत, अंदाजे अचूकता मीटरमध्ये. आरक्षण या फाइलीत टाकू नका. ते सोडतीने ठरतं आणि सीमा न बदलता बदलू शकतं. त्याचा वेगळा तक्ता करा.

प्रभाग क्रमांक मजकूर म्हणून ठेवा. आज सगळे आकडे असले तरी उद्या कुणी उपविभाग ‘7अ’ लिहील, आणि एक्सेल ‘1-2’ ची तारीख करून ठेवतं.

शेपफाइल शक्यतो टाळा. तिच्या तक्त्यात रकान्याचं नाव दहा अक्षरांपुरतं आणि मजकूर 254 बाइटपुरता. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात तीन बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम 84 चिन्हं. त्याहून लांब जोडनावं मधेच तुटतात. शिवाय सोबतची, अक्षरसंकेत कोणता ते सांगणारी सीपीजी फाइल हरवली की मराठीचं प्रश्नचिन्हांत रूपांतर होतं. कामासाठी जिओपॅकेज आणि वाटपासाठी जिओजेसन हे फाइलप्रकार उत्तम. जिओजेसनच्या 2016 च्या प्रमाणाप्रमाणे निर्देशांक डब्ल्यूजीएस 84 मध्येच (जीपीएस वापरतं त्या पद्धतीत) आणि आधी रेखांश, मग अक्षांश. उलटं झालं तर मुंबई आर्क्टिकमध्ये जाते. दशांशानंतर सहा आकडे पुरेत, ते जवळपास 11 सेंटिमीटर होतात. पंधरा आकडे ठेवून फाइल फुगते, अचूकता वाढत नाही.

अधिसूचनेतली नावं कॉपी करताना चित्रविचित्र इंग्रजी अक्षरं आली तर ते पीडीएफ श्रीलिपी किंवा तशा जुन्या फॉन्टातलं आहे. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरांत ती हमखास अडखळतात. दोनशे नावंच आहेत. हाताने टाइप करा आणि दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या.

वेबसाठी फाइल हलकी करायची असेल तर मॅपशेपर हे साधन वापरा. ते शेजाऱ्यांची सामाईक सीमा एकदाच सोपी करतं, त्यामुळे फटी पडत नाहीत. प्रभाग कोणता हे शोधून देणाऱ्या कामासाठी मात्र ही हलकी फाइल कधीच वापरायची नाही.

परवाना आणि प्रकाशन

राजपत्रात प्रसिद्ध झालेला मजकूर पुन्हा छापायला कॉपीराइट अधिनियम 1957 च्या कलम 52(1)(क्यू) नुसार मोकळीक आहे, त्याला अपवाद विधिमंडळाच्या अधिनियमांच्या मजकुराचा. केंद्राच्या पोर्टलवरून घेतलेल्या डेटाला बहुधा भारत सरकारचा मुक्त डेटा परवाना लागू असतो, तो 2017 चा आहे. नकाशे बनवायला परवानगी लागते ही समजूत अजून आहे. 15 फेब्रुवारी 2021 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती आणि संस्थांसाठी भू-स्थानिक डेटा गोळा करणं आणि वाटणं बरंच मोकळं केलं आहे.

फाइलीसोबत एक साधं टिपण ठेवा: कशावरून आखलं, कोणत्या रेषा अस्पष्ट, किनारा कुठला, चूक दिसली तर कुठे कळवायचं. मूळ पीडीएफही त्याच जागी ठेवा. पुढचा माणूस तुमच्या रेषेवर शंका घेईल तेव्हा त्याला अधिसूचना पुन्हा शोधायला लागू नये.

जुनी आकडेवारी नव्या प्रभागांवर नेताना

सोपा उपाय म्हणजे जुने आणि नवे प्रभाग एकमेकांवर ठेवून क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी. सोपा आणि बऱ्याचदा फसवा. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा मोठा भाग पालिकेच्या हद्दीत आहे. बोरिवली किंवा मुलुंडच्या एखाद्या प्रभागाचं बहुतेक क्षेत्रफळ जंगल असेल तर क्षेत्रफळाने वाटणी करणं म्हणजे बिबट्यांना मालमत्ता कर लावण्यासारखं आहे. आधी वस्ती नसलेला भाग वजा करा: जंगल, खारफुटी, मिठागरं, विमानतळ. त्याहून चांगलं म्हणजे प्रगणक गट किंवा इमारतींनी जमिनीवर व्यापलेल्या जागेवरून वाटणी. आणि वाटणीचा तक्ता, म्हणजे जुन्या कुठल्या प्रभागाचा किती टक्के नव्या कुठल्या प्रभागात, तोही प्रसिद्ध करा. निष्कर्षांपेक्षा तोच जास्त लोकांना लागतो.

जनगणना 2027 साठी संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 आहे आणि प्रशासकीय सीमा 31 डिसेंबर 2025 रोजी गोठवल्या गेल्या. नवी लोकसंख्या हाती आली की त्यानंतरची प्रभाग रचना तिच्यावर होईल, संख्या बदलेल, रेषा हलतील. तेव्हा 2025 ची फाइल पुसून तिच्या जागी नवी टाकू नका. ‘संपल्याची तारीख’ हा रकाना आज रिकामा आहे. नवी रचना ज्या दिवशी लागू होईल ती तारीख तिथे भरा, आणि नव्या रचनेची फाइल स्वतंत्र नावाने, तिच्या अधिसूचनेसह, शेजारी ठेवा.